माझ्या आधी घर बघून गेलेली बाई

या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते. आणि प्रत्येक अनुभवाच्या खाली जी एक खवचट बाई शंका विचारते ना, "लाइट गेली होती तर चेहरा कसा दिसला?" किंवा "गाडी बंद पडली तेव्हा टाकीत पेट्रोल होतं का?"… ती मीच. माझ्यामुळे दोन-तीन चांगली भुतं इथून कायमची निघून गेली, असा माझ्यावर आरोप आहे. मला तो मान्य आहे. आमचे हे म्हणतात, हिच्यासमोर भूत आलं तर ही आधी त्याला पाय पुसून यायला सांगेल.

तेव्हा आज मी स्वतःच अनुभव लिहायला बसले आहे हे वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी थांबते.

झालं? तर ऐका. यात अमावस्या नाही, वड नाही, पांढरी साडी नाही. स्थळ नाशिक. वेळ गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी चार. सगळीकडे लख्ख ऊन, पंखे चालू, माणसं जागी.

आम्ही सटाण्याचे. यांचा कांद्याचा व्यापार. एकुलती एक मुलगी, सई. दहावीला तिने उत्तम मार्क मिळवले आणि घरात भांडण सुरू झालं. अकरावी-बारावी सायन्स नाशिकला करायचं यावर सगळ्यांचं एकमत. कॉलेजचा पसंतीक्रम भरून झाला होता, क्लास ठरला होता. प्रश्न एकच, तिने राहायचं कुठे? यांचं म्हणणं, होस्टेल. माझं म्हणणं, नाशिकला फ्लॅट भाड्याने घ्यायचा आणि दोन वर्षं मी तिच्याबरोबर राहायचं. आमच्या गल्लीतल्या तीन आया अशा नाशिकला जाऊन राहिल्या आहेत, सकाळी डबा, संध्याकाळी क्लासच्या बाहेर स्कूटी लावून उभ्या. मी मनातल्या मनात स्कूटीचा रंगसुद्धा ठरवला होता.

सईला कोणी विचारलं नव्हतं. तिने न विचारताच सांगितलं की तिला होस्टेलला जायचंय.

ते मला लागलं. उघड नाही दाखवलं, पण चार दिवस भाजीत मीठ कमी पडत होतं.

आता कांद्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे सासरे, नाना, यांचं सगळं आयुष्य कांदा साठवायच्या चाळीत गेलं. चाळीत हवा खेळली तर कांदा टिकतो, नाहीतर सडतो. त्यामुळे नाना माणसांची घरंसुद्धा चाळीसारखीच तपासतात. घर घ्यायचं असो की भाड्याने, एक चांगला वाळलेला कांदा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा आणि आठ दिवसांनी बघायला जायचं. कोंब फुटला तर घर दमट. काळी बुरशी धरली, आमच्याकडे तिला काजळी म्हणतात, तर घरात वारा नाही. जसाच्या तसा खणखणीत राहिला तर खुशाल सामान हलवा. "घर कसं शे, ते कांदाले इचार," एवढंच ते म्हणतात. मीही लग्न होऊन आल्यापासून तेच करते. माझ्या माहेरचे लोक हसतात, हसू देत. त्यांच्या भिंतींना ओल आहे.

तर त्या शुक्रवारी सकाळी माझ्या पर्समध्ये चार उन्हाळ कांदे होते, आणि शेजारी सई, तोंड खिडकीकडे वळवून, ही बाई माझ्या ओळखीची नाही अशा आविर्भावात.

पहिला फ्लॅट इंदिरानगरला, तिसरा मजला. एजंट होता देवरे नावाचा, फोनवरच ओळख. गेटवर सुरगाण्याकडचे एक वॉचमन काका होते. मी नाव सांगायच्या आत ते उठून म्हणाले, "या ताई. आज पोरीला आणली व्हय?"

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. वर गेलो. देवरेने दार उघडलं, मला बघून हसला आणि म्हणाला, "मॅडम, मी हात नाही लावला बरं का. तुम्ही सांगितलं तसाच ठेवलाय."

मी विचारलं, काय ठेवलंय? तो मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. खिडकीत एक कांदा होता. बोटभर हिरवा कोंब फुटलेला.

मी सईकडे बघितलं. सईने माझ्याकडे बघितलं. मी देवरेला म्हटलं, मी तुम्हाला आज पहिल्यांदा भेटतेय. तो हसायला लागला, मग हसायचा थांबला. त्याचं म्हणणं असं की मागच्या गुरुवारी, सव्वाबाराच्या सुमारास मी आले होते. एकटी. फ्लॅट फारसा बघितलाच नाही, फक्त मुलीची खोली कुठली ते विचारलं. त्या खोलीत जाऊन उभी राहिले. मग पर्समधून कांदा काढून खिडकीत ठेवला, आठ दिवस हलवू नका म्हणाले आणि गेले.

माझ्यातली खवचट बाई लगेच कामाला लागली. मी म्हटलं, कॅमेरा दाखवा. खाली जाऊन बघितलं तर सोसायटीच्या कॅमेऱ्यात सातच दिवसांचं राहतं. आणि तो गुरुवार म्हणजे नेमका आठवा दिवस. बघा, आता कशी मजा येते… तुमच्या अनुभवांत नेमका कॅमेरा बंद असायचा तेव्हा मी केवढी टोचून बोलले होते. कृपया कोणी लिंक टाकू नका.

आणि त्या गुरुवारी सव्वाबारा वाजता मी कुठे होते? आमच्या गच्चीवर. गव्हाच्या चिकाचं पातेलं, समोर दहा बायका, आणि आम्ही कुरडया घालत होतो. सोऱ्या सईच्याच हातात होता. एवढे साक्षीदार तर कोर्टातसुद्धा मिळत नाहीत.

मला आधी संशय आला देवरेचा. घर खपवायला काहीतरी युक्ती काढली असेल. पण कोंब आलेला कांदा दाखवून कोण घर खपवतं? आणि आमची कांद्याची पद्धत त्याला कुठून माहीत? तो तर गोंधळून स्वतःच घाम पुसत होता. मी तो कांदा रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. रिक्षात बसल्यावर बाहेर काढून नीट बघितला, आणि तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तो लाल कांदा होता.

शहरातल्या वाचकांना यात काही वाटणार नाही, म्हणून सांगते. लाल कांदा थंडीत निघतो. तो फार टिकत नाही, उन्हाळ्यापर्यंत संपून जातो. मे महिन्यात सगळीकडे असतो तो उन्हाळ कांदा, फिका, जाड पापुद्र्याचा. मेच्या शेवटी ताजा लाल कांदा मला सटाण्याच्या बाजारात कोणी दाखवला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

दुसरं घर गंगापूर रोडला. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, खालच्या मजल्यावर स्वतः राहायच्या. तिथे एजंट नव्हता, मी स्वतः फोन करून वेळ घेतली होती. त्यांनी दार उघडलं तेच बशी हातात घेऊन. बशीत कांदा. लाल. खालून वरपर्यंत काजळी धरलेला.

"तुमच्या शब्दाखातर ठेवला," त्या म्हणाल्या. "घरभर चिलटं झाली. आधी हा घ्या, मग आत या."

मी निमूटपणे बशी घेतली. आयुष्यात इतक्या निमूटपणे मी कधी काही घेतलं नसेल. मग हळूहळू विचारलं. मागचा गुरुवार. वेळ? बाईंनी नुकताच कुकर लावला होता, म्हणजे सव्वाबारा. हो, तुम्ही एकट्याच होतात. हो, मुलीची खोली कुठली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मीच होते कशावरून? त्यांनी मला चष्म्यावरून नीट न्याहाळलं. शाळेत चाळीस वर्षं मुलांचे खोटे बोलणारे चेहरे बघितलेली नजर.

"तुम्हीच होतात," त्या म्हणाल्या. "फक्त त्या दिवशी फार बोलत नव्हतात."

हे नंतर मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, मग तू नव्हतीसच. विषय संपला.

पण माझा संपत नव्हता. सव्वाबाराला इंदिरानगर आणि सव्वाबारालाच गंगापूर रोड? मध्ये कितीतरी किलोमीटर, वर दुपारचं ट्रॅफिक. म्हणजे एक बाई नाही, दोन. आणि दोघींना नानांची पद्धत माहीत. अशी माझ्याशिवाय जगात एकच बाई आहे, माझी मोठी जाऊ, मंदाताई. त्यांच्याशी माझं फार जमत नाही हे सांगायची गरज नाही, जाऊ आहे एवढं पुरे. मी तिथेच जिन्यात उभी राहून फोन लावला आणि विचारलं, तुम्ही मागच्या गुरुवारी नाशिकला घरं बघत फिरत होतात का?

मंदाताई म्हणाल्या, "मला दोन मुलगे. मी कशाला मुलींच्या खोल्या शोधत फिरू? आणि गुरुवारी मी तुझ्याच गच्चीवर होते. चिकात मीठ जास्त पडलंय हे मीच सांगितलं, विसरलीस?"

विसरले होते. मीठ खरंच जास्त पडलं होतं.

मग लाल कांद्याचं सांगितलं. "मे महिन्यात? डोकं तपासून घे तुझं," असं म्हणाल्या आणि लगेच आवाज खाली आणून, "पोरीला सांभाळ गं," असंही म्हणाल्या. त्या "गं"ने मला जास्त भीती वाटली.

आता उरली फक्त एक व्यक्ती. माझ्या शेजारी चालत होती, दप्तर एका खांद्यावर. कांद्याची पद्धत तिला माहीत. फ्लॅटचे पत्ते माझ्या फोनमध्ये, फोनचा पासवर्ड तिला माझ्यापेक्षा नीट पाठ. ती स्वतः गच्चीवर होती, पण दुसऱ्या कोणाला तरी पाठवता येतं. आणि दोन्ही फ्लॅट नापास व्हावेत अशी इच्छा या जगात कोणाची होती? मी काही बोलले नाही. मीसुद्धा कधीकधी गप्प बसू शकते, एवढं त्या मालकीणबाईंना कळवा कोणीतरी.

सई म्हणाली, "मम्मी, आलोच आहोत तर होस्टेल एकदा बघू या ना. पप्पांनी रेक्टरना फोन करून ठेवलाय."

बघा, मी मनात म्हटलं. आता पडदा उघडतोय.

होस्टेल कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत. साधी दुमजली इमारत, खाली मेस, मुली जेवत होत्या. रेक्टर होत्या शिंदेबाई, पन्नाशीच्या, कोणाशीच चढ्या आवाजात न बोलणाऱ्या. त्यांनी मला बघितलं आणि उठून उभ्या राहिल्या. "आलात? हीच का सई?"

मी खुर्चीत बसले, पाय बसा म्हणाले म्हणून. मग म्हटलं, तुम्ही बोला, मी ऐकते.

त्यांनी सांगितलेलं असं. मागच्या गुरुवारी मी आले. भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर असतं, त्यात नाव लिहिलं. कोणाला भेटायचं, तर सई. शिंदेबाईंनी यादी तपासली आणि सांगितलं की या नावाची मुलगी आमच्याकडे नाही. तर मी म्हणे शांतपणे म्हणाले, "माहीत आहे. ती जूनमध्ये येईल." मग वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली बघितली. शिंदेबाईंना जरा विचित्र वाटलं, पण आया वेगवेगळ्या प्रकारच्या येतात, असं त्या म्हणाल्या. तेही खरंच.

मी रजिस्टर मागितलं. त्यांनी पान उघडून दिलं. माझं नाव. गाव सटाणा. कोणाला भेटायचे: सई. नाते: आई. वेळ: सव्वाबारा. आणि पुढे सही. मी शाळेपासून सहीखाली एक रेघ मारते आणि रेघेखाली दोन टिंबं देते. का देते मला माहीत नाही. बँकेतला माणूससुद्धा त्यावरून मला हसतो. तिथे रेघ होती. दोन टिंबं होती.

अक्षर माझंच होतं. माझ्यासारखं नाही, माझंच.

वर गेलो. कोपऱ्यातली खोली, तीन पलंग, दोन खिडक्या समोरासमोर. एका खिडकीत लाल कांदा. मी तो उचलला. खणखणीत. कोंब नाही, डाग नाही, पापुद्रा वाळून कागदासारखा वाजत होता. खोलीत इतका वारा होता की सईच्या कपाळावरचे केस उडत होते.

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? भीती नाही. राग आला. मी कुठल्या तरी परक्या बाईकडून हरतेय असा राग.

सीबीएस स्टँडवर सटाण्याची बस लागायला वेळ होता. बाकावर बसून मी सईची उलटतपासणी घेतली. तुझ्या कुठल्या मैत्रिणीने केलं? रजिस्टरमध्ये कोणी लिहिलं? पप्पांनी मदत केली का? ती प्रत्येकाला नाही म्हणत होती. शेवटी तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "मी तुझ्यासमोर सोऱ्या फिरवत होते मम्मी. माझे हात दोन दिवस दुखत होते."

मग मी तो प्रश्न विचारला जो इतके दिवस विचारला नव्हता. तुला माझ्याबरोबर राहायचंच नाही का?

ती बराच वेळ समोरच्या बसची पाटी वाचत राहिली. "राहायचंय गं. पण तू आलीस तर तिथेही तूच मला उठवशील. दूध तूच आणशील. पेपर अवघड गेला तर माझ्याआधी तू रडशील. मला एकदा स्वतः उठून बघायचंय."

मी काही बोलले नाही. दिवसभरात तिसऱ्यांदा. मोजलेलं आहे.

घरी आल्यावर तिन्ही कांदे नानांपुढे ठेवले. नानांना हल्ली कमी दिसतं, पण कांद्याला डोळे लागत नाहीत त्यांना. एकेक हातात घेतला, अंगठ्याने दाबला, वास घेतला. "हाऊ आपलाच माल शे," ते म्हणाले. "खालच्या वावरातला."

खालच्या वावरात दोन वर्षं झाली, मका आहे.

हे चिकित्सक आहेत, त्यांनी पुढचे आठ दिवस बरेच फोन केले. देवरे, मालकीणबाई, शिंदेबाई, कोणीच कोणाला ओळखत नव्हतं. तिघांनीही वेळ तीच सांगितली. मी माझ्या सहीचा कागद काढून रजिस्टरच्या फोटोशेजारी ठेवला आणि आमच्या बँकेतल्या त्याच हसणाऱ्या माणसाला दाखवला. तो म्हणाला, दोन्ही पास करीन.

माझ्या मैत्रिणींनी आपापली मतं दिली. एकीचं म्हणणं, मी झोपेत चालत जाते. दुपारी सव्वाबाराला, दहा बायकांसमोरून, तीन ठिकाणी एकदम. माझी तब्येत इतकी चांगली असती तर मी गुडघ्याची औषधं घेतली नसती.

जूनमध्ये सई होस्टेलला गेली. कोपऱ्यातल्या खोलीत. मी का हो म्हटलं? कांद्यामुळे म्हटलं, असं घरात सगळ्यांना वाटतं. खरं सांगायचं तर त्या बाकावरच म्हटलं होतं, पण तसं कबूल करायला मला एक कारण हवं होतं, आणि ते कोणीतरी आयतं आणून ठेवलं होतं. पहिले दोन महिने मी तिघांऐवजी चौघांच्या पोळ्या लाटायचे. ती फोनवर कमी बोलायची. दिवाळीला आली तेव्हा स्वतःची चादर स्वतः घडी घालून ठेवली. मी ती उलगडून पुन्हा घातली, मग मला माझीच लाज वाटली.

आणि आता मागच्या महिन्यातली गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. बारावीचा अभ्यास जोरात चालू आहे. चार दिवस सुट्टीला आली होती. सकाळी तिची वेणी घालत होते, तर माझ्याकडे पाठ करून बसलेली सई म्हणाली, "मम्मी, एक विचारू? तो कांद्यांचा सगळा प्रकार… तू कसा जमवलास?"

माझा हात थांबला.

"मी?"

"तूच ना. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला मला सोडायचं होतं आणि तोंडाने हो म्हणवत नव्हतं. मग तू एवढं नाटक केलंस. मंदाकाकूंनासुद्धा सामील करून घेतलंस." ती हसली. "होस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात मी खूप रडायचे. तेव्हा तेच आठवायचे. म्हणायचे, माझ्या मम्मीने माझ्यासाठी मेमध्ये लाल कांदा शोधून आणला. मग झोप लागायची."

आता सांगायला हवं होतं, की अगं बाई, मी नव्हते. मला वाटत होतं तू होतीस. म्हणजे एकमेकींवर वर्षभर संशय घेत आम्ही दोघी शांतपणे जगत होतो, आणि ज्या बाईने हे केलं ती तिसरीच कोणीतरी, जिला माझी सही येते आणि माझ्या मुलीची खोली कुठली ते माझ्याआधी कळतं.

पण मी म्हटलं, "मान हलवू नकोस, भांग वाकडा होतोय."

तर हा असा अनुभव. तुम्ही शंका विचाराल, विचारा, मीही वर्षभर विचारतेय. लाइट होती, कॅमेऱ्यात तो दिवस नव्हता, पेट्रोलचा प्रश्न येत नाही. ती बाई कोण होती, तीन ठिकाणी एकाच वेळी कशी होती, तिला हे करण्यात काय मिळालं, मला आजही सांगता येत नाही. तिच्या कामाचं श्रेय मात्र मी घेऊन बसले आहे, आणि ती स्वतः दारात येऊन उभी राहिली तरी परत देणार नाही.